भांग-गांजाचा वाद व माळकऱ्याचा धर्म

आज अशा एका विषयाचा विचार करू की जो कीर्तनात सहसा निघत नाही. पण गावोगाव तरुण मंडळी तो विचारतात, आणि आपण कानांवर हात ठेवून भागत नाही. भांग, गांजा, चरस ही एकाच झाडाची तीन रूपे. सरकारने त्यांना मोकळीक द्यावी की नाही, असा वाद आज जगभर चालू आहे. कॅनडाने २०१८ साली मोकळीक दिली, जर्मनीने २०२४ साली मर्यादा घालून दिली. थायलंडने २०२२ साली दार उघडले आणि २०२५ साली डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विक्री नको असे म्हणून ते पुन्हा ओढून घेतले. आपल्या देशात १९८५ च्या कायद्याने गांजा व चरस यांना बंदी आहे. नुसते पान व बी त्या व्याख्येत येत नाही, म्हणून काही राज्यांत भांगेची सरकारमान्य दुकाने आहेत.

कोणत्याही वादात आधी पूर्वपक्ष नीट मांडावा, मग उत्तर द्यावे, ही शास्त्राची रीत आहे. समोरच्याचे बोलणे अर्धवट ऐकून दिलेले उत्तर म्हणजे उत्तर नव्हे.

पूर्वपक्षी म्हणतो: "महाराज, ही तर आपलीच वनस्पती. अथर्ववेदात पाच श्रेष्ठ वनस्पतींत भंगेचे नाव आहे. आयुर्वेदात तिला विजया म्हणतात. इंग्रज सरकारने १८९३-९४ साली मोठे कमिशन नेमले, त्यानेही बेताच्या सेवनाने फारशी हानी दिसत नाही असाच निर्वाळा दिला. दारूचे दुकान सरकारच्या परवान्याने चालते, आणि चिमूटभर गांज्यासाठी पोराला कोठडी, हा न्याय कुठला?"

अहो, यातले बरेचसे खरे आहे. खरे आहे ते खरे म्हणावे. सत्याला भिऊन धर्म राखता येत नाही. पण यात तीन निरनिराळे प्रश्न एका गाठोड्यात बांधले आहेत. औषध हा एक, मौज हा दुसरा, दंड हा तिसरा. गाठोडे सोडले की घोळ मिटतो.

पहिला प्रश्न औषधाचा. शार्ङ्गधराने भंगा व अफू यांची गणना व्यवायी द्रव्यांत केली आहे. म्हणजे जे पचण्याआधीच सर्व अंगभर पसरते ते. म्हणूनच वैद्य ती शुद्ध केल्याशिवाय वापरीत नाहीत, आणि मात्रा मोजून देतात. कलकत्त्यास १८३९ साली ओशॉनेसी नावाच्या डॉक्टराने धनुर्वात, संधिवात, बालकांचे झटके यांवर हिचे प्रयोग करून लिहून ठेवले. आज लहान मुलांच्या दुर्धर अपस्मारावर याच झाडातील सीबीडी नावाच्या द्रव्याचे औषध निघाले आहे. अमेरिकेत त्याला २०१८ साली मान्यता मिळाली, आणि त्याने नशा चढत नाही. नशा चढते ती टीएचसी या दुसऱ्या द्रव्याने. पण तेही मोजून दिले तर कर्करोगाच्या उपचारात होणारी ओकारी थांबवते. संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने २ डिसेंबर २०२० रोजी २७ विरुद्ध २५ मतांनी गांज्याला अतिकडक यादीतून काढले, ते हा औषधी उपयोग ध्यानात घेऊनच. भारताचे मतही काढण्याच्या बाजूने पडले. मात्र नियंत्रण उठले नाही, हेही सांगितले पाहिजे.

एका माउलीने मला विचारले, "बुवा, यजमानांना कर्करोग आहे. वैद्यांनी विजयेचे औषध लिहून दिले. ते म्हणतात, माळ घातली तेव्हा मादक पदार्थाला शिवणार नाही म्हणून शपथ घेतली. मरेन, पण घेणार नाही. रात्र रात्र कण्हतात. मी काय करू?" मी म्हणालो, माउली, त्यांना सांगा, माळ काढायची नाही आणि औषधही सोडायचे नाही. नेम केला तो मदाचा, औषधाचा नव्हे. शरीर हे वारीचे साधन आहे; त्याची पीडा हलकी करणे हा त्या साधनाचा सांभाळ आहे. वेदनेने जीव कासावीस असता नाम ओठावर येत नाही. औषधाने ते येत असेल तर ते औषध नामाचे सेवकच झाले.

दृष्टांत घरचाच आहे. पखवाजाच्या डाव्या अंगाला भजनाआधी ओली कणीक लावतात. ती बेताने लावली तर नाद घुमतो; जास्त झाली तर पखवाज मुका होतो. आणि भजन संपले की ती खरवडून काढतात. औषध असे असावे: जाणत्याने लावलेले, मोजके, आणि काम सरताच सुटणारे.

दुसरा प्रश्न मौजेचा. इथे पूर्वपक्षी देवांनाच साक्षीला आणतो. "शंकर भांग घेतात." बरे, शंकरांनी हलाहलही घेतले; ते घेतोस काय? भागवताच्या दशम स्कंधात शुकाचार्यांनी परीक्षितीला हेच सांगितले की समर्थाचे अनुकरण असमर्थाने मनानेही करू नये. रुद्राखेरीज दुसरा विष पिईल तर नाश पावेल. मग तो म्हणतो, "योगसूत्रात औषधीने सिद्धी मिळते असे आहे." आहे, चौथ्या पादाच्या आरंभीच आहे. पण तिसऱ्या पादात त्याच पतंजलींनी सिद्धी या समाधीतील विघ्ने म्हटली आहेत, ते पान का उलटत नाहीस? आणि वारकऱ्याला सिद्धी हवी कशाला? तुकोबारायांनी तर गाथेत तोंडी तमाखूची नळी धरणाऱ्या व भांगेला साधन मानणाऱ्या सोंगी संतांचा समाचार घेतला आहे.

चिलमीने चित्त एकाग्र होते म्हणतात. ती एकाग्रता नव्हे, ती गुंगी. स्मरण हा आपल्या भक्तीचा प्राण, आणि गांजा पहिला घाला घालतो तो स्मरणावरच. कोवळ्या वयात, मेंदू पुरता घडलेला नसताना, तो अधिक बाधतो. काहींना वेडाच्या झटक्यापर्यंत नेतो. २०१९ च्या सरकारी पाहणीत देशात सुमारे ३ कोटी १० लाख लोक वर्षभरात यांपैकी काहीतरी घेतात, आणि सुमारे ७२ लाखांना त्यातून सुटण्यासाठी मदतीची गरज आहे, असे आढळले. ही कोणाची तरी लेकरे आहेत.

"पण उद्या कायद्याने मोकळीक दिली तर?" तरीही परवानगी म्हणजे विधी नव्हे. ज्याकडे मन आपणहून धावते त्याची आज्ञा शास्त्राला करावी लागत नाही. तिथे शास्त्र जी व्यवस्था लावते ती माघार घेण्यासाठीच, असे भागवताच्या एकादश स्कंधात, पाचव्या अध्यायात स्पष्ट आहे. सरकार सर्वांसाठी किमान नियम करते. माळ आपण आपल्या खुशीने घातली. तिचा नियम कायद्याच्या पुढे चार पावले आहे.

तिसरा प्रश्न दंडाचा. विकणारा आणि अडकलेला हे दोघे एका दोरीने बांधू नयेत. दुसऱ्याच्या घराची राखरांगोळी करून पैसा करणाऱ्याला दंड हवाच, आणि दारूच्या उत्पन्नावर तिजोरी भरते म्हणून गांज्याचीही पेठ उघडा, हे मला मान्य नाही. एका चुकीने दुसरी पवित्र होत नाही. पण जो अडकला तो रोगी आहे. उपचाराला आपणहून जाणाऱ्या व्यसनीला खटल्यातून सूट देण्याची तरतूद आपल्या कायद्यातच आहे. ती लोकांना माहीत नाही, हे दुःख.

म्हणून दिंडीप्रमुखांना आणि विणेकऱ्यांना हात जोडून विनंती आहे. दिंडीत एखादे पोर चिलमीला लागलेले दिसले तर चारचौघांत त्याची फजिती करू नका, आणि झाकूनही ठेवू नका. त्याच्या हाती टाळ द्या, हरिपाठाला जवळ उभे करा, आणि डॉक्टरकडे न्या. व्यसनमुक्तीसाठी सरकारचा १४४४६ हा दूरध्वनी आहे. तो मुक्कामाच्या फळ्यावर लिहून ठेवा. नुसत्या नामावर सोपवून आपण मोकळे होऊ नये. औषध वैद्याने द्यावे, आधार आपण द्यावा, आणि गोडी पांडुरंगाने लावावी. ती एकदा लागली की दुसरी गोडी आपोआप फिकी पडते.

रामकृष्णहरि.