भाषेची अडचण आणि समाधानाची साक्ष
लहानपणी भाषाविकार असलेली व्यक्ती मोठेपणी किती चांगले आयुष्य जगते, याचे उत्तर मोजणारा कोण यानुसार बदलते. कॅनडातील ओटावा परिसरात १९८२ साली पाच वर्षांच्या मुलांचा एक दीर्घकालीन अभ्यास सुरू झाला. पंचविशीत पोहोचल्यावर भाषाविकार असलेली मुले शिक्षणात आणि नोकरीच्या दर्जात मागे होती. स्वतःच्या आयुष्याबद्दलचे त्यांचे समाधान मात्र इतरांच्या तोडीचे निघाले. त्याचा संबंध घरच्यांच्या आणि मित्रांच्या भक्कम गोतावळ्याशी होता.

हे समाधान खरे मानावे का? अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन यांचा इशारा असा की, वर्षानुवर्षे वंचित राहिलेला माणूस अपेक्षाच आखडत्या घेतो; तो समाधानी आहे म्हणून अन्याय संपत नाही. आक्षेप वजनदार आहे. शाळेने मदत नाकारली असेल, तर ते देणे तसेच राहते. पण हाच आक्षेप फार ताणला, तर अस्खलित बोलणारे लोक अडखळणाऱ्याच्या सुखाचा निवाडा करू लागतात, आणि हा अधिकार त्यांना कोणीही दिलेला नाही. उदाहरणार्थ, गॅरेजमध्ये ‘पाना’ हा शब्द न आठवल्याने नुसते बोट दाखवणाऱ्याला सोबती नेमका तोच पाना देतो. त्या मैत्रीत काहीही उणे नसते.

अडचण समाधानाची साक्ष घेण्यातही आहे. ‘आपण असमाधानी नसता असे म्हणता येईल का?’ अशा वाक्यात गुंतलेला माणूस ‘ठीक’वर खूण करून मोकळा होतो. प्रश्न सोपे हवेत, वाचून दाखवायला हवेत, आणि उत्तराला वेळ द्यायला हवा.