मनाचा आजार आणि तवक्कुल

वाईत ताप आलेला माणूस निःसंकोच दवाखाना गाठतो; मन आजारी पडले की मात्र त्याच्या ईमानवर शंका घेतली जाते. हा न्याय नव्हे. प्रेषित (स.) यांनी उपचाराची आज्ञा देताना मनाचे आजार वगळले नाहीत. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडीत, बरे होण्याच्या आशेने दर्ग्यापाशी आणलेले, साखळदंडांनी जखडलेले २८ मनोरुग्ण आगीत बळी पडले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळदंड निषिद्ध ठरवून रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला. झोप, भूक, भीती यांची विचारपूस करणाऱ्या मनोरुग्ण-परिचारिकेजवळ उघड केलेले दुःख ही अमानत होय. उंट बांधून मग अल्लाहवर भिस्त ठेवावी, अशी शिकवण आहे. म्हणून दुआ करावी, औषधही घ्यावे. १४४१६ या सरकारी ‘टेलि-मानस’ क्रमांकावर बोलण्यात कमीपणा मानू नये.