चव आणि कैफ

पोलंडमध्ये आंबट चेरी मद्यार्कात महिनोन्महिने मुरवून घरी 'नालेव्का' करतात. ही रसिकता की व्यसनाला दिलेला सुवास? अरिस्टॉटलने 'निकोमाखियन नीतिशास्त्रा'च्या तिसऱ्या भागात चव पारखणारा मद्यपरीक्षक आणि असंयमी माणूस यांना वेगळे काढले आहे. असंयमी माणसाला चवीशी फारसे देणेघेणे नसते, गिळण्याचे सुख हवे असते. त्याने दिलेल्या उदाहरणातला खादाड क्रौंचाहून लांब गळा मागतो, तो त्यासाठीच. मला हा भेद पटतो. बरणीत चेरींचा लाल रंग द्रवात उतरतो, फळे फिकी पडतात, बिया ठेवल्या असतील तर बदामासारखा कडसर वास येतो. हे टिपायला शुद्ध लागते, आणि पेल्यामागून पेले रिचवणाऱ्याकडे नेमकी तीच उरत नाही.

बौद्ध पंचशीलाचा आक्षेप मात्र गंभीर आहे: मद्य प्रमादाचे कारण, मग ते कितीही सुगंधी असो. साखर मद्याचा जाळ झाकते, त्यामुळे गोड कॉकटेलचा पेला कधी संपला ते कळतही नाही. हे नाकारता येणार नाही. पण यात दोष चवीचा नाही, तिला कैफाच्या दावणीला बांधण्याचा आहे. ज्याला पहिल्या घोटानंतर थांबता येत नाही, त्याच्यापुढे रसिकतेचा युक्तिवाद करूच नये. तिथे पंचशीलाचाच निर्णय योग्य.