पहिला मालक आणि कर्माचा वाटा

सोलापूरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५२ आणि बार्शी-लातूर रस्ता येडशीजवळ एकत्र येतात. साखर, सोयाबीन, डाळ, कांदा असा माल इथून रात्रंदिवस जातो. आसपासच्या गावांतली पोरं आधी क्लीनर म्हणून लाईनवर निघतात आणि मग परवाना काढून ड्रायव्हर होतात. वाहतूक वाहनाचा परवाना विसाव्या वर्षाआधी मिळत नाही. तो हाती आला की प्रश्न उभा राहतो, पहिली गाडी कुणाची धरायची? गावातल्या दोन गाड्यांच्या मालकाची, पुण्या-सोलापूरच्या ट्रान्सपोर्टची, की कारखान्याच्या हंगामापुरती उसाची? हा प्रश्न सहसा पगार, भत्ता आणि घरी कधी येता येईल एवढ्यावरच सुटतो. पण तो धर्माचाही प्रश्न आहे. ड्रायव्हरच्या हातून पुढे जे घडणार, त्यातलं बरंचसं दुसऱ्याच्या हुकमाने घडणार असतं. हुकमाने घडलेल्या कर्माचा कर्ता कोण, याचा निवाडा करू पाहणारे विचार आपल्याकडे फार जुने आहेत.

गीतेचा अठरावा अध्याय कोणत्याही कर्माची पाच कारणं सांगतो : अधिष्ठान, कर्ता, करण, नाना प्रकारच्या हालचाली आणि दैव. भरलेला ट्रक घाटात उलटला की मालक ड्रायव्हरला दोष देतो, ड्रायव्हर ब्रेकला, आणि जमलेली माणसं नशिबाला. प्रत्येकाने पाचांतलं एकेक कारण उचललेलं असतं. स्वतःला एकट्यालाच कर्ता समजणाऱ्याला गीता अडाणी म्हणते. याचा अर्थ मात्र अनेकदा उलटा लावला जातो. मी एकटा कर्ता नाही, म्हणजे मी कर्ताच नाही, असं त्यातून निघत नाही. वाटा कमी होतो, संपत नाही.

हा वाटा कुणाचा किती, हे ठरवायचा प्रयत्न जुन्या न्यायग्रंथांनी केला. ज्या मनुस्मृतीची तिच्यातल्या विषमतेपायी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला होळी झाली, तिच्या आठव्या अध्यायात गाडीच्या अपघाताचे नियम आहेत. जू मोडलं, आस तुटला, तर दंड नाही. सारथी अकुशल असल्यामुळे कुणाला इजा झाली, तर दंड मालकाला. सारथी कुशल असेल, तर दंड त्याचा त्याला. ग्रंथाचा बाकीचा भार बाजूला ठेवून पाहिलं तर यातला विचार नेमका आहे. शिकाऊ हातात गाडी देणारा मालक त्या हाताचं कर्म आपल्या नावावर घेतो. हात तयार झाला की जबाबदारी सारथ्याकडे सरकते. म्हणून पहिलं वर्ष वेगळं मोजावं लागतं. नव्या पोराला जुन्या ड्रायव्हरसोबत चार खेपा न पाठवता थेट रात्रीच्या घाटात सोडणारा मालक त्या पोराच्या चुकांचा भागीदार असतो.

आजचा कायदाही दोघांना धरतो. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून जादा वजनाला २०,००० रुपये दंड आणि वरच्या दर टनाला २,००० रुपये आहेत, आणि त्यात गाडी चालवणारा व चालवायला लावणारा दोघेही येतात. कलम ११३ तर न्यायालयाला असं गृहीत धरू देतं, की ड्रायव्हर मालक नसेल तेव्हा जादा वजन मालकाला माहीत होतं किंवा त्याच्याच हुकमाने भरलं होतं.

जादा वजनाला पाप म्हणणारी परंपरा याहून जुनी आहे. धाराशिवजवळच्या लेण्यांत पार्श्वनाथाची मोठी मूर्ती आहे, तिथल्या जैन विचाराची ही गोष्ट. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाव्रताचे पाच अतिचार दिले आहेत. बांधणं, मारणं, अवयव कापणं यांच्याच ओळीत अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध येतात, म्हणजे पेलणार नाही एवढं ओझं लादणं आणि खाणंपिणं अडवणं. हे सांगितलं गेलं ते आश्रित जीवांविषयी. पण सकाळची डिलिव्हरी गाठायची म्हणून जेवायला थांबू न देणं याच यादीत बसतं. ट्रकवर ओझं लादलं जातं तसंच ते ड्रायव्हरवरही लादलं जातं. मोटार वाहतूक कामगार कायदा, १९६१ ने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास ही मर्यादा घातली, त्यामागेही हीच जाणीव आहे.

तरी हुकूम मोडायचा कधी? येडशीच्या रामलिंगला जटायूने रावणाला अडवल्याची कथा सांगतात. त्याच रावणाच्या सारथ्याचा प्रसंग वाल्मीकी रामायणाच्या युद्धकांडात आहे. रामाशी लढताना रावण बेशुद्धीच्या काठावर पोहोचला, तेव्हा सारथ्याने न विचारता रथ रणातून बाहेर काढला. भानावर आल्यावर रावणाने त्याला भित्रा, फितूर ठरवलं. सारथी शांतपणे म्हणाला की घोडे दमले होते, तुम्हीही दमला होता. जमीन सपाट की खडबडीत, वेळ कोणती, कुठे पुढे जायचं आणि कुठे मागे, हे ओळखणं सारथ्याचंच काम. रावणाला ते पटलं आणि त्याने हातातला अलंकार काढून सारथ्याला दिला. गाडीविषयीचं ज्ञान ज्याचं, थांबण्याचा अधिकारही त्याचा, एवढं रावणासारख्यानेही मानलं. लगेच पुढच्या हुकमावर सारथ्याने रथ पुन्हा रणात घातला, हेही विसरू नये. गाडी कधी थांबवायची ते त्याच्या हातात होतं, कुणासाठी हाकायची ते मात्र तो केव्हाच ठरवून बसला होता. पहिल्या निवडीचं वजन इथे कळतं.

ही निवड बिघडवणारी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे उचल. लग्नाला, आजारपणाला मालकाकडून एकरकमी पैसे घेतले की नाही म्हणायची ताकद त्याच दिवशी गहाण पडते. भीष्माने युद्धाआधी युधिष्ठिराला हेच सांगितलं होतं, की कौरवांच्या धनाने आपण बांधले गेलो आहोत. शल्याने कर्णाचं सारथ्य पत्करताना निदान मनाला येईल ते बोलायची मोकळीक आधी मागून घेतली. त्याने ती वाईट हेतूने वापरली. तरी अट सुरुवातीलाच घालायची असते, हे त्याला ठाऊक होतं.

नव्या ड्रायव्हरने शेठला भेटण्याआधी त्याची उभी गाडी पाहावी. टायरची नक्षी झिजून गुळगुळीत झाली आहे का, फिटनेस आणि विमा चालू आहे का, केबिनमध्ये पडलेल्या वजनकाट्याच्या पावत्यांवर पासिंगपेक्षा किती जादा आकडे आहेत, हे तिथेच दिसतं. मग त्या मालकाच्या जुन्या ड्रायव्हरला विचारावं : झोप आली म्हणून गाडी बाजूला घेतली, तर फोनवर काय ऐकावं लागतं? चलन कुणाच्या पगारातून कापतात? या उत्तरांवरून मालकाचा धर्म त्याच्या काचेवरच्या देवाच्या स्टिकरपेक्षा लवकर कळतो.

उरतो तो निवडच नसलेला माणूस. घरात दाणा नाही आणि समोर एकच गाडी आहे, त्याला दोष लावणं अन्याय आहे. महाभारताच्या शांतिपर्वात आपद्धर्माचा स्वतंत्र भाग आहे. संकटात एरवी न करण्याजोगं करायला तो मुभा देतो, पण ती संकटापुरतीच असते. उचल फिटली, हंगाम संपला, हात बसला, की तोच ड्रायव्हर पुन्हा निवडणारा होतो. त्यानंतरही त्याच मालकाची ओव्हरलोड गाडी तो हाकत राहिला, तर ते कर्म केवळ मालकाच्या खात्यावर टाकता येत नाही.