शेज आणि शेजार

दिवसभर आलेले पाहुणे संध्याकाळच्या बोटीने उनो बंदराकडे परतले आणि संग्रहालयात आम्ही मोजकेच लोक उरलो. जेवण झालं होतं. खांद्याला पिशवी नव्हती, हातात तिकीट नव्हतं. खोलीचं दार ओढून घेतलं, काही पावलं चालले, की समोर चित्र. आपल्याला संग्रहालयातून उठवलं जाण्याची सवय असते. बंद होण्याची वेळ झाली की घंटा वाजते, रखवालदार एकेका दालनातून फिरतो आणि आपलं बघणं अर्ध्यावर तुटतं. इथे मला कुणी घाई करत नव्हतं, कारण माझं अंथरूण याच इमारतीत घातलेलं होतं.

हे ठिकाण म्हणजे जपानच्या सेतो अंतर्गत समुद्रातल्या नाओशिमा बेटावरचं बेनेसे हाउस. तादाओ आंदो यांनी रचलेली ही वास्तू १९९२ साली उघडली. संग्रहालय आणि हॉटेल एकाच छताखाली आहेत. पुढे त्याला आणखी तीन इमारती जोडल्या गेल्या. त्यांतल्या एकीत, टेकडीच्या माथ्यावर, अंडाकृती पाण्याभोवती सहा खोल्या आहेत आणि तिथे छोट्या मोनोरेलने जावं लागतं. खोल्यांत दूरचित्रवाणी संच नाही. खिडकीत समुद्र आहे, भिंतीवर चित्र आहे आणि त्या दोघांच्या मध्ये तुमची शेज.

शेज हा जुना, मऊ शब्द. त्याच्या लगेच पलीकडे शेजार आहे. कानाला हे दोन शब्द सख्खे वाटतात. आपण देवळात दर्शनाला जातो. रांग सरकते, क्षणभर मूर्ती दिसते, पुढचा माणूस हलतो. पण त्याच पंढरपुरात रात्री शेजारती होते, विठ्ठलाला निजवतात आणि पहाटे काकडआरतीने जागं करतात. ज्याला आपण निजवतो आणि उठवतो तो दर्शनापुरता राहत नाही, घरचा होतो. संग्रहालयांनी आपल्याला कलेचं दर्शन घ्यायला उत्तम शिकवलं. तिचा शेजार करायला शिकवलं नाही. नाओशिमातल्या त्या रात्री मला या दोन्हींतला फरक कळू लागला.

या जागेचा इतिहासही मुक्कामापासूनच सुरू होतो. १९८५ साली ओकायामातले शैक्षणिक प्रकाशक तेत्सुहिको फुकुताके आणि नाओशिमाचे महापौर चिकात्सुगु मियाके भेटले. जगभरच्या मुलांना एकत्र राहता येईल अशी जागा बेटावर करावी, ही फुकुताके यांची इच्छा होती. बेटाचा दक्षिण भाग शिक्षण आणि संस्कृतीसाठी राखावा, असं महापौरांना वाटत होतं. पुढच्याच वर्षी फुकुताके वारले. मुलगा सोइचिरो यांनी काम हाती घेतलं आणि १९८९ साली आंदो यांच्या देखरेखीखाली मुलांची छावणी उभी राहिली. राहण्यासाठी होते मंगोलियन धर्तीचे गोल तंबू. म्हणजे बेटावर आधी अंथरुणं आली आणि संग्रहालय मागाहून आलं. फुकुताके यांच्या प्रकाशन कंपनीने पुढे घेतलेलं बेनेसे हे नावही दोन लॅटिन शब्दांतून घडलं आहे. त्याचा अर्थ, चांगलं जगणं.

एका उंच गोल दालनात ब्रूस नॉमन यांची निऑनची कलाकृती आहे. चार उभ्या रांगांत शंभर छोटी वाक्यं. खाणं, रडणं, प्रेम करणं, बोलणं अशा माणसाच्या साध्या क्रिया तिथे दोनदा येतात, एकदा मरण्याशी जोडून आणि एकदा जगण्याशी. त्या यादीत झोपही आहे. एकेक वाक्य पेटतं, विझतं आणि मग कधीतरी सगळी एकदम पेटतात. करड्या काँक्रीटवर तो रंगीत उजेड पसरतो. दुपारी मी ती पाहिली तेव्हा मला तिची युक्ती कळली आणि मी पुढे गेले. रात्री पुन्हा तिच्यासमोर बसले तेव्हा डोळ्यांवर पेंग होती. झोपेचं वाक्य पेटलं तेव्हा ते माझ्याबद्दल होतं. अजून थोड्या वेळाने मी खरंच झोपणार होते, आणि झोपेतून उठणं हा करार कुणाशीच झालेला नसतो, हे एरवी आपण मनाशी उच्चारत नाही. दुपारी मी त्या कलाकृतीची प्रेक्षक होते. रात्री तिला मी शरीरासकट भेटले.

आपण बघण्याला डोळ्यांचं काम समजतो. पण थकलेल्या माणसाचं बघणं वेगळं, नुकत्याच न्हालेल्याचं वेगळं आणि झोपमोड झालेल्याचं त्याहून वेगळं. संग्रहालयात आपण नेहमी एकाच अवस्थेत जातो: जागे, उत्सुक, जरा घाईत. कलाकृतीला आपल्या दिवसाची ती एकच घटका मिळते आणि मग आपण तिच्याबद्दल कायमचं मत करून परततो. माणसाबद्दल कुणी असं मत बनवलं तर आपण त्याला उतावळा म्हणू.

होन्मुरा या बेटावरच्या जुन्या वस्तीत मिनामिदेरा नावाची लाकडी वास्तू आहे. एकेकाळी इथे देऊळ होतं. इमारत आंदो यांची आणि आतलं काम जेम्स टरेल यांचं. हाताने भिंत चाचपत आत जावं लागतं, बाकावर बसावं लागतं आणि समोर काळोख असतो, इतका गडद की आपले डोळे उघडे आहेत की मिटलेले हे कळत नाही. काही मिनिटं जातात. मग समोर धूसर उजेडाचा एक चौकोन दिसू लागतो. वाटतं, कुणी हळूहळू दिवा वाढवला. प्रत्यक्षात उजेड पहिल्यापासून तेवढाच होता. डोळ्यांतल्या शंक्वाकार पेशी अंधाराला काही मिनिटांत सरावतात, पण मंद उजेड टिपणाऱ्या दंडाकार पेशींना पुरतं जागं व्हायला अर्धा तासही लागतो. शरीराचा हा वेग कुणाच्या हुशारीने, शिक्षणाने किंवा पैशाने वाढत नाही. ज्याला दिसायला हवं त्याने बसून राहावं, एवढाच त्याचा नियम आहे. मला हा सगळ्या कलेचा नियम वाटतो. टरेल यांनी तो उघडा करून ठेवला आहे.

२००४ साली झालेलं चिचू कला संग्रहालय हीच गोष्ट उजेडाच्या बाजूने सांगतं. किनाऱ्याचं रूप बिघडू नये म्हणून ते जवळजवळ संपूर्ण जमिनीखाली बांधलं आहे. आत मोने यांची कमळांची पाच चित्रं आहेत. पायातले जोडे काढून, संगमरवराच्या छोट्या पांढऱ्या तुकड्यांनी घडवलेल्या जमिनीवरून त्या दालनात जावं लागतं. तिथे विजेचा दिवा नाही. वरून झिरपतो तेवढाच आकाशातला उजेड. ढग आला की कमळं मागे सरतात, ऊन पडलं की पाणी वर येतं. ही चित्रं पाहिली असं म्हणणाऱ्याने आपण कोणत्या तासाला पाहिली हेही सांगायला हवं. शेजारी राहणाऱ्यालाच सगळे तास ठाऊक असतात.

चित्रांच्या सोबतीने झोपण्याची ही कल्पना नवी नाही, हे मला तिथे पडल्या पडल्या सुचलं, आणि त्याचा पुरावा आपल्या घराजवळच आहे. अजिंठ्याचं १२ क्रमांकाचं लेणं आठवावं. चौकोनी मंडप, तीन बाजूंना बारा खोल्या आणि प्रत्येक खोलीत खडकातच कोरलेल्या दोन शेजा. पाचव्या शतकाच्या सुमारास १, २, १६ आणि १७ क्रमांकांच्या विहारांत भिंती चित्रांनी भरल्या गेल्या आणि त्याच चित्रांच्या मधोमध भिक्षूंच्या खोल्यांची दारं ठेवली गेली. आपण तिथे तिकीट काढून जातो, मंद दिव्यात पद्मपाणीपुढे उभे राहतो आणि गर्दीबरोबर बाहेर पडतो. ती दारं आपल्याला अंधारे कोनाडे वाटतात. पण त्या दारांसाठीच तर मंडप होता! ही चित्रं अशा माणसांसाठी काढली गेली, जी पहाटे दार उघडून त्यांच्या समोर येणार होती, पावसाळाभर तिथेच मुक्कामाला राहणार होती, आजारी पडली तरी त्यांच्याच सोबतीने पडणार होती. चित्रकाराने पाहुणा मनात धरला नव्हता, रहिवासी धरला होता.

इथे एक आक्षेप मनात येतो आणि तो बाजूला सारणं बरं नाही. अजिंठ्याच्या भिक्षूने शेजेचं भाडं दिलं नव्हतं. बेनेसे हाउसमधल्या एका रात्रीला सामान्य प्रवाशाच्या आवाक्याबाहेरचे पैसे पडतात. मग हा शेजार म्हणजे श्रीमंतांनी रात्रीपुरता विकत घेतलेला एकांत तर नव्हे? मी या प्रश्नासह सकाळी होन्मुराकडे गेले. उत्तर हॉटेलात सापडणार नव्हतं.

नाओशिमाच्या उत्तर टोकाला १९१७ पासून मित्सुबिशीचा तांबं शुद्ध करण्याचा कारखाना आहे. त्याने बेटाला रोजगार दिला आणि त्याच्या धुराने बेटावरची व आसपासच्या छोट्या बेटांवरची झाडं मारली. जवळच्या तेशिमा बेटावर १९७५ नंतर औद्योगिक कचरा बेकायदा टाकला जात राहिला. तिथल्या रहिवाशांनी पंचवीस वर्षं लढा दिला आणि २००० साली तडजोड झाली. तो नऊ लाख टनांहून अधिक कचरा आणि दूषित माती बोटींतून नाओशिमाला आणली गेली आणि २००३ ते २०१७ या काळात इथे तिच्यावर प्रक्रिया झाली. मराठीत याला शेजारधर्म म्हणतात. दक्षिण टोकाला मोने यांच्या कमळांवर ऊन उतरत होतं, तेव्हा त्याच बेटाच्या उत्तर टोकाला शेजाऱ्याची घाण निस्तरली जात होती. या दोन टोकांना वेगळं करून नाओशिमा समजत नाही. इथल्या कलेमागे जखमी जमिनीची आठवण आहे आणि म्हणूनच तिचं सौंदर्य मला सजावटीसारखं वाटलं नाही.

होन्मुरात १९९८ पासून रिकाम्या घरांना कलाकृतीचं रूप देण्यात आलं. त्यातलं पहिलं घर कादोया, सुमारे दोनशे वर्षांपूर्वीचं. आतल्या अंधारात उथळ पाणी आहे आणि त्यात तात्सुओ मियाजिमा यांचे १२५ अंकदर्शक लुकलुकतात. प्रत्येक जण एक ते नऊ मोजतो. शून्य येत नाही. तिथे क्षणभर अंधार होतो आणि पुन्हा एकपासून सुरुवात. कुणाचं मोजणं धावतं, कुणाचं इतकं संथ की अंक बदलायची वाट पाहत उभं राहावं लागतं. हे वेग कलावंताने ठरवलेले नाहीत. बेटावरच्या १२५ माणसांनी, पाच वर्षांच्या मुलापासून पंच्याण्णव वर्षांच्या वृद्धापर्यंत, आपापला वेग लावून दिला. काळाचा वेग प्रत्येकाचा निराळा असतो, हे एरवी आपण नुसतं बोलतो. इथे तो एका गावाने पाण्यात ठेवून दिला आहे. लावणारा माणूस गेल्यावरही त्याचा वेग मागे लुकलुकत राहावा, ही सोय त्या रचनेतच आहे. ज्यांच्या घराशेजारी हे आहे त्यांना भाडं द्यावं लागलं नाही. त्यांनी आपला काळ दिला.

मियानोउरा बंदरापाशी २००९ साली शिन्रो ओताके यांनी सार्वजनिक न्हाणीघर सजवलं. फरशी, भिंती, नळ, सगळं कलाकृतीचा भाग आहे आणि तिथे गावातले लोक आणि प्रवासी एकाच गरम पाण्यात बसतात. यायोई कुसामा यांचा पिवळा भोपळा १९९४ पासून जुन्या धक्क्याच्या टोकाला बसला आहे. वादळाची सूचना आली की तो काढून आत नेण्याचा प्रघात होता, जशी आपल्याकडे पावसाचं लक्षण दिसलं की गुरं गोठ्यात घेतात. २०२१ च्या ऑगस्टमध्ये मात्र लाटांनी त्याला गाठलं आणि तो मोडला. २०२२ साली त्याच जागी तो पुन्हा उभा राहिला. काचेमागे ठेवलेल्या वस्तूचं आपण कौतुक करतो. जिला वाऱ्यापावसात आत आणावं लागतं तिच्यात मात्र आपला जीव गुंततो.

त्यामुळे माझ्या आक्षेपाचं उत्तर मला असं मिळालं. शेज विकत मिळते, शेजार मिळत नाही. एका रात्रीचा पाहुणा शेजारी होत नाही. पण शेजार म्हणजे काय असतं याची चव त्याला एका रात्रीत लागू शकते, आणि लागली तर ती सोबत घरी येते.

पहाटे मी उठून कान यासुदा यांच्या दगडांपाशी गेले. वरून उघड्या, भिंतींनी वेढलेल्या लहानशा चौकात त्यांनी दोन मोठे, गुळगुळीत, चपटे गोल दगड ठेवले आहेत. त्यांच्यावर झोपायची मुभा आहे. दगड रात्रभर गारठलेला होता. पाठ टेकली तेव्हा शहारा आला आणि मग हळूहळू दगड माझ्या उबेला आला. वर चार भिंतींनी कापलेलं आकाश काळ्याचं निळं होत होतं. मला बाराव्या लेण्यातल्या शेजा आठवल्या. त्या आज रिकाम्या आहेत, पण कुणाच्या तरी पाठीच्या मापाने त्या खडकात कोरल्या गेल्या होत्या.

घरी माझ्या भिंतीवर एका चित्राची साधी छापील प्रत आहे. कित्येक वर्षांत मी ती पाहिलेली नाही, कारण ती रोज समोर असते. परत आल्यावर पहिल्या रात्री मी दिवा मालवला आणि डोळे सरावेपर्यंत तिच्यासमोर बसून राहिले.