ओनागावाच्या बंदरातला वैमानिक

९ ऑगस्ट १९४५च्या सकाळी ब्रिटिश विमानवाहू नौका फॉर्मिडेबलवरून कोर्सेअर विमानांची एक तुकडी उडाली. तिचे नेतृत्व लेफ्टनंट रॉबर्ट हॅम्प्टन ग्रे हा २७ वर्षांचा कॅनेडियन करत होता. जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर ओनागावा बंदरात युद्धनौका नांगरलेल्या दिसल्या. तोफांचा मारा अंगावर घेत तो पाण्यालगत उतरला. विमान पेटले तरी त्याने रोख बदलला नाही. त्याच्या बॉम्बने ‘आमाकुसा’ ही नौका काही मिनिटांत बुडाली आणि त्याचे विमानही समुद्रात कोसळले. देह कधीच सापडला नाही. त्याच दिवशी नागासाकीवर अणुबॉम्ब पडला. सहा दिवसांनी जपानच्या सम्राटाने शरणागती जाहीर केली.

हे सहा दिवस मनातून जात नाहीत. इतके थोडे उरले असताना पोरगा हकनाक गेला, असे वाटते. पण हे वाटणे आपल्याला शेवट ठाऊक असल्यामुळे आहे. हिरोशिमा उद्ध्वस्त होऊनही जपान अजून शरण आलेला नव्हता, आणि आणखी किती दिवस लढायचे हे फॉर्मिडेबलवर कुणालाच सांगता आले नसते. उलट, त्याच्या बलिदानाने युद्ध लवकर संपले, असे म्हणणेही खोटे ठरेल. आमाकुसा बुडाली नसती तरी इतिहास त्याच वाटेने गेला असता. मग त्याला आठवायचे ते कशासाठी?

ग्रे ब्रिटिश कोलंबियातल्या नेल्सन गावात वाढला, एका जवाहिऱ्याचा मुलगा. १९४०मध्ये तो नौदलाच्या राखीव दलात आला आणि पुढे वैमानिक झाला. ऑगस्ट १९४४मध्ये नॉर्वेत लपलेल्या ‘टिर्पिट्झ’ या जर्मन युद्धनौकेवरच्या हल्ल्यांत तो होता. त्याचा भाऊ जॉन कॅनडाच्या हवाई दलात होता. तो १९४२मध्येच मारला गेला. एका घरातले दोन मुलगे युद्धाने नेले. कोकनी हिमनदीजवळच्या एका शिखराला या दोघा भावांवरून ग्रे हे नाव दिले आहे.

मृत्यूनंतर त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच्या मानपत्रात आग लागलेल्या विमानाचे आणि अचूक नेमाचे वर्णन आहे. बुडालेली नौका विनाशिका होती, असेही त्यात म्हटले आहे. प्रत्यक्षात आमाकुसा ही ताफ्याच्या संरक्षणासाठी बांधलेली, विनाशिकेहून लहान नौका होती. तिचे नाव मानपत्रात नाही, तिच्यावर मेलेल्या खलाशांचा उल्लेख नाही. मानपत्राकडून तशी अपेक्षाही नसते. ते आपल्या माणसाच्या शौर्यासाठीच लिहिले जाते. पण पुढच्या पिढ्यांची आठवणही मानपत्राएवढीच राहिली, तर ती अपुरी राहते, आणि या अपुरेपणाने ग्रेवरही अन्यायच होतो. ज्यांच्यावर त्याने झेप घेतली, तेही तोफेपाशी शेवटपर्यंत उभे राहिलेले खलाशी होते. त्यांना वगळले, तर त्याने कोणता धोका पत्करला हेच कळत नाही.

दोन्हीकडच्यांना आठवण्याचे काम ओनागावाने केले. १९८९मध्ये तिथे, जपानी मृतांच्या स्मारकाजवळ, ग्रेची स्मृतिशिला उभारली गेली. २०११च्या भूकंपात ती कोसळली. त्सुनामीने गावातली ८००हून अधिक माणसे नेली. स्वतःची घरे पुन्हा उभी करायची असताना या गावाने ती शिलाही सोडून दिली नाही. ती रुग्णालयाच्या आवारात पुन्हा उभी राहिली.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. १९४१मध्ये हाँगकाँगच्या रक्षणाला गेलेल्या सुमारे २००० कॅनेडियन सैनिकांपैकी ५५०हून अधिक परतले नाहीत. त्यांतले कितीतरी जपानी कैदेत उपासमारीने आणि रोगाने मेले. त्यांच्या घरच्यांना, दोन्हीकडचे मृत सारखेच, हे ऐकवायचे कसे? ऐकवूच नये. जपानी साम्राज्याने चीनमध्ये, आग्नेय आशियात जे केले, त्याचा हिशेब कोणत्याही शिलेने पुसला जात नाही. आक्रमक कोण होता, हा प्रश्न तिथेच राहतो आणि त्याचे उत्तरही ठरलेले आहे. ओनागावाची शिला तेवढ्या मोठ्या हिशेबात शिरत नाही. जपानी मृतांच्या स्मारकाजवळ उभारलेली ही शिला एवढेच सांगते, की एका सकाळी या पाण्यात दोन्हीकडची माणसे मेली.

आता कॅनडाच्या नौदलाने एका गस्ती जहाजाला त्याचे नाव दिले आहे. त्यावर रुजू होणारे तरुण खलाशी हे नाव कुणाचे, असे विचारतील. त्यांना टिर्पिट्झ सांगावे, व्हिक्टोरिया क्रॉस सांगावा, आणि ‘आमाकुसा’ हे नावही तितक्याच स्पष्टपणे सांगावे.