भावांनो आणि मॅडम

आमच्या टीममध्ये नऊ जण आहेत. आठ मुलगे, एक मुलगी. ग्रुपवरच्या माझ्या मेसेजची सुरुवात बरीच वर्षं ठरलेली होती : ‘भावांनो, बिल्ड तुटलाय.’

एकदा तिनं विचारलं, ‘भावांनो म्हणजे मी पण का?’ सगळे हसले, मीही हसलो. दुसऱ्या दिवशी मी मोठ्या मनानं लिहिलं, ‘भावांनो आणि मॅडम’. संध्याकाळी टपरीवर चहा घेताना ती म्हणाली, ‘काल मी यादीतच नव्हते. आज यादीत एकटीच वेगळी आहे.’

वगळणं चूक, हे कळायला फार अक्कल लागत नाही. पण सामावून घेण्याच्या नादात एखाद्याला बाजूला काढून उभं करणं, ही चूक चांगुलपणाचे कपडे घालून येते. मला तर उलट स्वतःचं कौतुकच वाटलं होतं.

‘गाइज म्हण की, त्यात सगळेच येतात,’ एका मित्रानं सुचवलं. हा शब्द मुळात एका माणसाचं नाव. १६०५ मध्ये लंडनची पार्लमेंट उडवून देण्याच्या कटात गाय फॉक्स पकडला गेला. पुढे त्याचे पुतळे जाळायची प्रथा पडली, त्या पुतळ्यांना ‘गाय’ म्हणू लागले, मग गबाळ्या माणसाला, मग कुठल्याही पुरुषाला, आणि अमेरिकेत घोळक्यातल्या सगळ्यांनाच. मी मित्राला विचारलं, ‘आपल्या मजल्यावर गाइज किती आहेत रे?’ त्यानं फक्त पुरुष मोजले. हाक मारताना सगळे, मोजताना पुरुष.

माझ्या आजीला हा प्रश्न कधी पडला नाही. दोन पुरुष आले की ‘दोघे’, दोन बायका आल्या की ‘दोघी’, काका-काकू आले की ‘दोघं’. ‘सगळी जेवलीत का?’ या तिच्या एका नपुंसकलिंगात आख्खं घर मावायचं. (व्याकरणानं नाव वाईट ठेवलंय, पण काम चोख करतं.) ‘मंडळी’ही आहे, पण ‘मंडळी, सर्व्हर पडलाय’ लिहिलं की आता कीर्तन सुरू होणार असं वाटतं.

‘मित्र-मैत्रिणींनो’ सभ्य आहे, पण ते दोनपर्यंतच मोजतं. तृतीयपंथी व्यक्तींना आपली लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्येच मान्य केलाय. शेजारच्या टीममधली एक व्यक्ती ‘मी करतो’ म्हणत नाही आणि ‘मी करते’ही म्हणत नाही. ‘मी केलं’, ‘माझं झालंय’, ‘मला जमेल’. मराठीच्या फटींतून इतक्या सफाईनं वाट काढता येते, हे लक्षात यायला मला आठ महिने लागले. कारण मी विचारलेलं नाही. विचारणं हा आदर की भोचकपणा, हे अजून ठरवता आलेलं नाही. पण माझा मेसेज वाचताना कुणाला ‘यात मला धरलंय का’ असा हिशेब करावा लागू नये, एवढं तरी माझ्या हातात आहे.

आता मी ‘सगळ्यांना नमस्कार’ लिहितो, नाहीतर थेट कामाचं. कोरडं वाटतं, खोटं कशाला बोलू. ‘भावांनो’मध्ये रात्री दोनपर्यंत एकत्र जागलेल्यांची ऊब होती, आणि ती ‘सगळ्यांना’मध्ये अजून उतरलेली नाही.

गेल्या आठवड्यात मध्यरात्री डेटाबेस बसला आणि घाईत बोटांनी जुनंच टाइप केलं. डिलीट करायला गेलो, तोवर तिचं उत्तर आलं होतं : ‘बघतेय.’